वाटखर्ची

आमच्याच मजल्यावरच्या आंटींची वाटी परत करायला गेले होते. दार उघडंच होतं, बाहेर नेहमीपेक्षा जास्त चपला. आत जावं की नाही, अशा विचारात उभी असताना फादर बाहेर आले. झगाबिगा काही नाही, साधा अर्ध्या बाह्यांचा शर्ट. गळ्यातली पांढरी पट्टी त्यांनी घडी घालून एका खिशात ठेवली आणि दुसऱ्या खिशात एक चपटी गोल डबी सरकवली, तपकिरीच्या डबीएवढी. माझ्याकडे बघून हसले आणि लिफ्टकडे गेले. आंटी त्यांना सोडून परत आल्या, तेव्हा मी वाटी हातात धरून तिथेच उभी. ‘अंकलना व्हियातिकम दिला,’ त्या म्हणाल्या. मला कळलं नाही हे त्यांच्या लक्षात आलं असावं. ‘शिदोरी गं. वाटेची,’ असं सांगून त्या आत वळल्या आणि आतूनच ओरडल्या, ‘वाटी ओट्यावर ठेव, घासत बसू नकोस.’

वसईत राहायला आल्यापासून फादर, मिस्सा, फेस्त हे शब्द कानावरून जात असतात. त्यांचं काही विशेष वाटेनासं झालंय. पण हा ‘शिदोरी’ शब्द डोक्यातून जाईना. कारण अंकलना बरेच दिवस घास गिळता येत नव्हता. चमच्याने पाणी, तेही अर्धं हनुवटीवरून ओघळायचं. त्यांना आज जे दिलं, मरायला टेकलेल्या माणसाला चर्च देतं तो शेवटचा प्रसाद, ते म्हणजे पापडासारख्या पातळ, बिनखमिराच्या भाकरीचा एक कण, चमचाभर पाण्यात विरघळवलेला. त्याला शिदोरी म्हणायचं? आणि आंटींनी ते सांगितलं ते तरी कसं, मुलाला सहलीला जाताना डबा दिला हे सांगावं तसं! त्या आवाजात रडू नव्हतं, भक्तिभावही फारसा नव्हता. एक काम उरकलं होतं, आता दुसरं.

माझ्या डोक्यातली शिदोरी मिरजेच्या आजीची. तिच्या दशम्या दुधात मळलेल्या असत, म्हणजे टिकायच्याही आणि गाडीत खाल्ल्या तरी सोवळ्याओवळ्याची कटकट नाही. तेलावर परतलेली लसणाची चटणी कागदाच्या पुडीत. ती पुडी तेलाने पारदर्शक होत जाई आणि घाट चढेपर्यंत बॅगेतल्या परकर-पोलक्यांना वास लागलेला असे. मिठाची वेगळी पुरचुंडी. मग हे सगळं केळीच्या पानात, पान जुन्या धोतराच्या फडक्यात, आणि फडक्याला अशी गाठ की ती सोडायला दातच लागावेत. आजी स्वतः आयुष्यात फार लांब कधी गेली नाही. पण कुठल्या गावाशी कोणाला भूक लागेल, हे ती स्वयंपाकघरात बसून सांगायची. ‘कराड मागे पडलं की सोडा, आधी नाही.’ वर एक ठरलेलं वाक्य, ‘दोन जास्तीच्या घातल्यात, शेजारच्याला द्या.’ आम्हाला त्या जास्तीच्या दोनांची लाज वाटायची. शेजारच्या माणसाला फडक्यातली दशमी कोण देणार?

तर व्हियातिकम. रोमन लोकांचा शब्द, चर्चच्या कितीतरी आधीचा. ‘व्हिया’ म्हणजे वाट, ‘व्हियातिकम’ म्हणजे वाटेचं. इतकंच. वाटेचं काय, ते ऐकणाऱ्याने समजून घ्यायचं. कधी ते खाणं असतं, कधी कपडे, कधी नुसते पैसे. आपल्याकडे त्याचे दोन तुकडे झाले. खायचं ते शिदोरीत गेलं, पैशांना वाटखर्ची नाव पडलं. रोमन माणसाचं एकाच शब्दात भागत होतं. सामानाला त्यांच्याकडे आणखीही एक शब्द होता, इम्पेदिमेंता, आणि तो मला फार आवडतो. त्यात ‘पाय’ दडलेला आहे. पायात जे अडकतं ते इम्पेदिमेंता. फौजेमागून रखडत येणाऱ्या गाड्या, खेचरं, तंबू या साऱ्याला ज्युलियस सीझर हाच शब्द वापरतो. इ.स.पू. 57 मध्ये नर्व्ही नावाच्या टोळीने त्याच्या फौजेवर सांब्र नदीकाठी, की तिच्या आसपास कुठे, जो भयानक हल्ला चढवला, त्याची खूण काय ठरली होती? सामानाच्या गाड्या दिसू लागल्या की तुटून पडायचं. पानिपतानंतर मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. म्हणजे सामान तेच, पोतं तेच, पण पायात आलं की इम्पेदिमेंता आणि पायांना बळ देऊ लागलं की व्हियातिकम. आता घरात ज्याला त्याला विचारावं, माळ्यावरच्या बॅगा यातल्या कशात मोडतात.

प्लॉटस या रोमन नाटककाराच्या एका नाटकात हा शब्द येतो, आणि तिथला प्रसंग असा आहे की मी तो वाचून पुस्तक थोडा वेळ मिटून ठेवलं. हेगिओ नावाचा म्हातारा. त्याचा एक मुलगा लहानपणीच पळवला गेलेला, दुसरा लढाईत शत्रूच्या हाती सापडलेला. या दुसऱ्याला सोडवायचा म्हणून तो युद्धकैदी विकत घेतो. त्यात एक मालक आणि त्याचा गुलाम. अदलाबदलीची बोलणी करायला गुलामाला घरी पाठवायचं आणि मालकाला ओलीस ठेवायचं, असा त्याचा बेत. पण त्या दोघांनी आपापसात नावं बदललेली आहेत. निघायची वेळ होते तेव्हा हेगिओ म्हणतो, चल माझ्याबरोबर, सावकाराकडून तुला वाटखर्ची काढून देतो. ज्याला तो हे पैसे देतो तो अगदीच परका. आणि ज्याला तो मागे ठेवून घेतो, पुढे लबाडी उघड झाल्यावर बेड्या घालून दगडाच्या खाणीत धाडतो, तो गुलाम म्हणजे त्याचाच लहानपणी हरवलेला मुलगा. नाटक विनोदी म्हणून ओळखलं जातं, शेवट गोडही होतो. पण वाटखर्ची परक्याच्या हातात आणि बेड्या पोटच्या पोराच्या पायात, हे मधल्या काळात घडून जातंच.

पैसे देताना हेगिओला त्या माणसाच्या प्रवासाचं काहीएक पडलेलं नाही. त्याला आपला मुलगा परत हवाय. देणाऱ्याचं मन असं दुसरीकडेच कुठेतरी गुंतलेलं असतं, हे एकदा दिसलं आणि मग मला सगळीकडे तेच दिसायला लागलं.

बर्लिनच्या संग्रहात एक पत्र आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातलं, पपायरसवर ग्रीकमध्ये लिहिलेलं. लिहिणारा अपिऑन, इजिप्तमधल्या फिलाडेल्फिया गावचा पोरगा, रोमन आरमारात भरती होऊन नेपल्सजवळच्या मिसेनमला पोचलेला. बापाला लिहितो की समुद्रात जिवावर बेतलं होतं, पण सेरापिस देवाने तत्काळ वाचवलं. मिसेनमला आल्यावर सीझरकडून, म्हणजे तेव्हाच्या बादशहाकडून, व्हियातिकम म्हणून तीन सोन्याची नाणी मिळाली. (हा शब्द मात्र त्याने लॅटिनच ठेवलाय, ग्रीक अक्षरांत. सरकारी शब्द कोण भाषांतर करत बसतो? आपण तरी ‘डीए’ला महागाई भत्ता कधी म्हणतो?) तीन सोन्याची नाणी म्हणजे 75 दिनार, त्या काळच्या लीजनमधल्या, म्हणजे पायदळाच्या पलटणीतल्या, शिपायाला वर्षाकाठी मिळणाऱ्या 300 दिनारांचा चौथा हिस्सा. खेड्यातून आलेल्या मुलाला ही रक्कम केवढी वाटली असेल! पुढे तो लिहितो, बाबा, मला पत्र लिहा, एक म्हणजे तुमची खुशाली कळेल, दुसरं म्हणजे भावंडांची, आणि तिसरं, तुमच्या हाताला वंदन करता येईल, कारण तुम्ही मला चांगलं शिकवलंत आणि त्याच्या जोरावर मी लवकर वर चढेन अशी आशा आहे. युक्तेमॉनबरोबर माझी छोटी तसबीर पाठवतोय. आणि जाता जाता, शेवटाकडे, माझं नाव आता आंतोनिउस माक्सिमुस आहे.

त्या शेवटच्या ओळीपाशी मी अडखळते. तीन नाणी, आणि त्याबरोबर नवं नाव. ती नाणी इथून पुढच्या वाटेची होती, घरी परतायची नव्हती. सीझरची वाटखर्ची माणसाला एकाच दिशेने नेते. त्याचं आणखी एक पत्र सापडलंय, बरंच पुढचं, बहिणीला लिहिलेलं. त्यात तो सुरुवातीपासूनच आंतोनिउस माक्सिमुस आहे. बायको आउफिदिया आहे, मुलगा आहे, आणि मुलाचं नाव माक्सिमुस. अपिऑन हे नाव नवऱ्याला कधीकाळी होतं, हे त्या आउफिदियाला माहीत तरी होतं का कोण जाणे. आमच्या ओळखीतला एक मुलगा न्यू जर्सीत ‘सॅम’ झालाय. त्याच्या आईने बॅगेत भाजणीची पिठं घातली होती आणि कंपनीने जॉइनिंग बोनस दिला होता. पिठं संपली.

रोमन शिपायांच्या बोलण्यात हा शब्द त्यांच्या गाठीच्या पैशांनाही लागला. यादवी सुरू झाली तेव्हा ज्युलियस सीझरच्या प्रत्येक सेंच्युरियनने, म्हणजे तुकडीच्या नायकाने, आपापल्या व्हियातिकममधून एकेका घोडेस्वाराचा खर्च देऊ केला, असं त्याचा चरित्रकार सुएतोनिउस सांगतो. कवी होरेसची गोष्ट तर फारच खट्याळ आहे. लुकुल्लुस या रोमन सेनापतीच्या फौजेतला एक शिपाई. हालअपेष्टा सोसून त्याने पैसे साठवलेले. दमून भागून रात्री घोरत पडला असताना कोणीतरी सगळे लांबवले, दमडीसुद्धा ठेवली नाही. हा लांडग्यासारखा पिसाळला, शत्रूवर आणि स्वतःवरही, आणि म्हणे त्या तिरीमिरीत राजाच्या तटबंदीच्या ठाण्यावर तुटून पडून ते त्याने जिंकलं. मानसन्मान झाला, वर 20,000 सेस्टर्स बक्षीस मिळालं. काही दिवसांनी सेनापतीला आणखी एक गढी घ्यायची होती. त्याने याला बोलावून जा गड्या, तुझा पराक्रम मोठा वगैरे बरंच चढवलं. शिपाई खेडवळ पण बेरकी. म्हणाला, जाईल की, जाईल, तुम्ही म्हणाल तिथे जाईल, ज्याचा कसा हरवलाय तो! ‘कसा’ म्हणजे कमरेला पैसे बांधायचा पट्टा. आमच्या आजोबांच्या कमरेलाही होता तसला, मळखाऊ कापडाचा, आणि झोपतानाही तो सुटत नसे. गाठीला असलं की माणूस जिवाला जपतो, हे त्या शिपायाला लुकुल्लुसपेक्षा चांगलं कळत होतं.

वाटखर्ची देऊन माणसाला घालवूनही देता येतं. माँटे कार्लोच्या जुगारघरात सगळं हरलेल्या माणसाला घरी जाण्यापुरतं भाडं संस्थेतर्फे मिळायचं, आणि त्या रकमेला फ्रेंचमध्ये नाव होतं व्हियातीक, म्हणजे हाच शब्द. दयाबुद्धी वगैरे नव्हे. हरलेला माणूस गावात राहिला तर कर्ज मागणार, नाहीतर कड्यावरून उडी मारणार, आणि दोन्हीमुळे धंद्याची बदनामी. म्हणून आगगाडीचं तिकीट हातावर ठेवायचं आणि वाटेला लावायचं. ते पैसे फेडल्याशिवाय पुन्हा आत पाऊल टाकता येत नसे. फ्रेंचांनी या शब्दाची आणखी एक गंमत करून ठेवलीय. त्याचंच झिजत झिजत ‘व्हॉयाज’ झालं. पोर्तुगीजांचं ‘व्हियाजें’ त्यातलंच, स्पॅनिशांचं ‘व्हियाहे’ही. आधी बरोबर न्यायच्या वस्तूंचं नाव, मग प्रवासाचंच नाव तेच. परदेशी निघालेल्या भाच्यासाठी बेकरीतून ‘बॉन व्हॉयाज’ लिहिलेला केक आणतो तेव्हा आपण, उगमाकडे गेलं तर, ‘शिदोरी बरी लाभो’ असंच लिहून आणत असतो. आणि तो केक भाचा जायच्या आधी आपणच संपवतो.

मरणाच्या वाटेवर हा शब्द कधी आला? 325 साली निकाया इथे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या इझ्निकला, बिशपांची मोठी परिषद भरली, तेव्हा तो चांगला रुळलेला दिसतो. तिथल्या तेराव्या नियमात म्हटलंय की कोणी मरणाच्या दारात असेल तर त्याला शेवटच्या, अत्यंत गरजेच्या शिदोरीपासून वंचित ठेवू नये, जुना नियम तसाच चालू ठेवावा. मूळ ग्रीक शब्द ‘एफोदिऑन’. त्याचीही घडण तशीच, वाटेवरचं. आता हा नियम कोणासाठी होता? चर्चने शिक्षा म्हणून ज्यांना पंगतीतून उठवलं होतं, त्यांच्यासाठीसुद्धा. वर्षानुवर्षं दारात उभं राहायची शिक्षा झालेला माणूस मरायला टेकला तर हिशेब बाजूला ठेवा, त्याला घास द्या. आणि याच नियमाची पुढची ओळ मला फार माणसाची वाटते. तो घास घेतल्यावर जर तो बरा झाला, तर त्याने पुन्हा प्रार्थनेपुरता सहभाग असलेल्यांच्या रांगेत जाऊन उभं राहावं! दया केली खरी, पण फसवणूक खपवून घेणार नाही.

लोक मात्र बिशपांच्या पुढे गेले. माणूस आधीच गेला असेल तर त्याच्या तोंडात ते घालू लागले. 397 साली कार्थेजच्या परिषदेला मनाई करावी लागली, आणि त्यांनी कारणही अगदी व्यवहारी दिलं. ‘घ्या आणि खा’ असं प्रभू म्हणाला, प्रेताला घेताही येत नाही आणि खाताही येत नाही. वाद मिटला. पण मनाई करावी लागली याचा अर्थ लोक करत होते. त्यांच्या आजे-पणज्यांनी मेलेल्याच्या तोंडात नाणं ठेवलं होतं, पलीकडच्या नदीवरच्या नावाड्यासाठी. नाण्याच्या जागी भाकरीचा कण आला, तोंड तेच. प्रेत खात नाही हे त्या बायाबापड्यांना बिशपांनी सांगायला हवं होतं थोडंच? जन्मभर ज्यांनी घरात सगळ्यांना वाढलं, त्यांना कोण खातंय आणि कोण नाही, हे न बघताही कळतं.

आमच्या देवघरात गंगेचा गडू होता. आजीच्या सासूने काशीहून आणलेला, तांब्याचा, तळहातात मावणारा, तोंड डाख लावून बंद केलेलं. रोज पुसायचा, हळद-कुंकू लावायचं, पण उघडायचा नाही. तो कशासाठी आहे हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नसे. आजीची वेळ आली तेव्हा रात्रीचे अडीच-तीन वाजले असतील. काकांनी गडू खाली घेतला आणि झाकण निघेना. आधी सुरी, मग उलथनं. शेवटी धाकट्या काकांनी स्कूटरच्या डिकीतून स्क्रू ड्रायव्हर आणला आणि पाटावर गडू आडवा धरून त्याची धार खाली घातली. तांब्यावर लोखंड घासल्याचा तो आवाज! आई तुळशीचं पान घेऊन उभी, आत्या आजीची हनुवटी धरून बसलेली, आणि सगळ्यांची नजर आजीकडे नव्हे, त्या झाकणाकडे. ‘अरे लवकर’, ‘तिरका धर’, ‘सांडेल’, असं घाईघाईचं कुजबुजणं, गाडी सुटायच्या वेळी फलाटावर चालतं तसलं. झाकण उचकटलं तेव्हा आत चार-पाच चमचे पाणी, स्वच्छ, कसलाही वास नसलेलं. पानाच्या टोकावरून दोन थेंब गेले. आत गेले की ओठांवरच राहिले, यावर आत्या आणि आई यांचं आजही एकमत नाही. आत्या म्हणते गेले. तिने गळ्याची हालचाल पाहिली. आई म्हणते, असतीलही.

त्या दोन थेंबांनी आजीचं काय झालं ते मला सांगता येणार नाही. आत्याचं काय झालं ते सांगता येतं. ती त्यावर उभी आहे. इतक्या वर्षांनी तिला कोणी त्या रात्रीबद्दल विचारलं तर ती आजारपण सांगत नाही, डॉक्टर सांगत नाही, ‘पाणी मिळालं हो तिला’ एवढंच सांगते. आंटींच्या आवाजातला तो कोरडेपणा मला आत्याच्या या वाक्यावरून कळला. शिदोरी जाणाऱ्याच्या हातात दिसते, पण तिची भूक बहुतेक वेळा मागे राहणाऱ्याला असते. आजीच्या त्या जास्तीच्या दोन दशम्याही आमच्यासाठी नव्हत्या आणि शेजारच्या प्रवाशासाठी तर नव्हत्याच. गाडी गेल्यावर संध्याकाळी ओसरीवर बसून ‘कमी नाही पडायचं’ असं तिला स्वतःला सांगता यावं म्हणून त्या होत्या.

मला फक्त एकच शिदोरी अशी माहीत आहे, जिच्यात परतीची सोय आहे. आपुलेइउस या रोमन लेखकाने सांगितलेली, सायकी नावाच्या मुलीची गोष्ट. तिला जिवंतपणी पाताळात जाऊन यायचंय. एक मनोरा, हो, मनोराच, तिला समजावतो. दोन्ही हातांत सातूच्या पिठाची मधाळ वड्यांसारखी ढेकळं घे, तोंडात दोन नाणी धर. एक नाणं जाताना नावाड्याला, एक येताना. एक वडी तीन तोंडांच्या कुत्र्याला जाताना, एक येताना. वाटेत लंगडं गाढव हाकणारा म्हातारा पडलेल्या मोळ्या उचलून दे म्हणेल, थांबू नकोस. नदीतून मेलेला म्हातारा हात वर करून नावेत घे म्हणेल, घेऊ नकोस. विणकाम करणाऱ्या म्हाताऱ्या जरा हात लाव म्हणतील, लावू नकोस. कारण मदत केलीस की हातातलं सुटेल, आणि एक वडी जरी गेली तरी परत येणं नाही. किती कठोर, आणि किती बरोबर! ज्याला परत यायचंय त्याने शेजारच्याला दशमी द्यायची नसते.

आता बाबांकडे येते, कारण हे सगळं वाचायच्या दिवसांतच त्यांच्याशी माझी वादावादी झाली. बाबांनी ऐंशी ओलांडली आहे. मुदत संपलेली एक ठेव त्यांनी परत पाच वर्षांसाठी ठेवली, व्याज थोडं जास्त मिळतं म्हणून. स्वतःचा चष्मा मात्र दोऱ्याने बांधलेला. एसी लावू म्हटलं तर ‘कशाला, उकाडा काय दोन महिन्यांचा’. मी चिडले होते आणि हाताशी सिसेरो होता. वार्धक्यावरच्या त्याच्या पुस्तकात चौऱ्याऐंशी वर्षांच्या केटो या जुन्या रोमन पुढाऱ्याच्या तोंडी त्याने घातलंय की म्हातारपणच्या हावरेपणाचं मला कोडंच आहे. वाट जसजशी कमी उरते तसतसं जास्त व्हियातिकम गोळा करत सुटायचं, याहून वेडगळ काय असेल? तत्त्वज्ञ सेनेकाही शंभरएक वर्षांनी तेच म्हणतो. पुतेओलीच्या बंदरात अलेक्झांड्रियाहून टपालाची जहाजं आली, सारं गाव धक्क्यावर धावलं, आणि हा मात्र आपल्या तिकडच्या मालमत्तेचं काय झालं हे कळून घ्यायची घाई न करता निवांत बसून राहिला. म्हणतो, माझ्याकडे कितीही थोडं असतं तरी आता वाटेपेक्षा वाटखर्चीच जास्त उरली असती. सेनेका रोममधल्या गडगंज श्रीमंतांपैकी एक होता, तेव्हा त्याचं हे म्हणणं मी फारसं मनावर घेत नाही. पण सिसेरोचं वाक्य चपखल होतं. मी ते बाबांना मराठी करून ऐकवलं, जरा नाटकी सुरातच.

बाबांनी पासबुकातून मान वर केली नाही. ‘कोण म्हणाला हे?’

‘सिसेरो. रोमन. मोठा वकील होता.’

‘मुलंबाळं होती त्याला?’

हा प्रश्न मला अपेक्षित नव्हता. मुलगी होती, तुलिया. हे पुस्तक लिहायच्या साधारण वर्षभर आधी ती बाळंतपणानंतर गेली, आणि सिसेरो त्यातून सावरला नव्हता. ते मी बाबांना सांगितलं. मुलगाही होता, मार्कुस. तो तेव्हा अथेन्सला शिकत होता, अभ्यासापेक्षा दारूसाठी जास्त ओळखला जाणारा. तिथूनच त्याने तिरोला, म्हणजे बापाच्या जुन्या लेखनिकाला, लिहिलेलं एक पत्र आहे, त्यात मी आता सुधारलोय असं सांगून वर एक कारकून पाठवून द्या, ग्रीक असला तर बरं, अशी मागणी केलीय.

‘मग त्या पोराचा खर्च कोण करत होतं?’

‘सिसेरोच. रोममधल्या घरांचं भाडं त्याच्या नावे लावून दिलं होतं.’

‘मग झालं तर,’ बाबा म्हणाले आणि नॉमिनीचा फॉर्म माझ्यापुढे सरकवला. ‘इथे सही कर. पूर्ण नाव लिही, लग्नानंतरचं.’